मी बोटी घासतो
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, ‘माझं क्षेत्र’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवेदकानं आत्ताच माझी ओळख करून दिली, ‘आपले मरीन इंजिनियर मित्र’ अशी. त्याची यात काहीही चूक नाही. आपला ग्रुप सुरू झाला तेव्हा कोण काय करतो ते प्रत्येकानं लिहायचं होतं. सगळ्यांनी लिहिलं. कुणी बँकेत, कुणी शिक्षिका, कुणाचं मेडिकलचं दुकान, कुणाच्या आंब्याच्या बागा. मी दोन दिवस विचार केला आणि लिहिलं, ‘मरीन लाइनमध्ये आहे, दुबईला होतो.’ मग कुणीतरी विचारलं, ‘म्हणजे इंजिनियर का रे?’ मी अंगठा दाखवला. त्या एका अंगठ्यावर मी सहा वर्षं इंजिनियर आहे.

तर आज सर्वांसमक्ष ती पदवी परत करतो. दहावीला गणितात मला किती मार्क होते, हे पुढच्या रांगेत बसलेल्या बाईंना आठवत असेल. नसेल आठवत तर बरंच आहे. मी इंजिनियर नाही. मी बोटी घासतो. श्रीमंतांच्या पांढऱ्या शुभ्र बोटी असतात ना, मुंबईला गेटवेसमोर पाण्यात उभ्या असलेल्या दिसतात, त्यांची गेलेली चकाकी मशीन फिरवून परत आणणं हा माझा धंदा. आज सव्वीस वर्षं झाली. या विषयावर मला बोलायला सांगितलं असतं तर मी कदाचित आलोच नसतो. पण इंजिनियर म्हणून बोलावलंत आणि इंजिनियरिंगमधलं मला काही येत नाही, तेव्हा जे येतं तेच सांगतो.

सुरुवात आपल्याच किनाऱ्यावरून करतो. आमची होडी लाकडाची होती, हे माझ्या शेजारी बसणाऱ्यांना माहीत आहे, कारण मे महिन्यात माझ्या हाताला येणाऱ्या वासावरून तुम्ही मला चिडवायचात. पावसाच्या आधी होडी वर ओढायची, खरवडायची, आणि काजूच्या टरफलांचं तेल चोळायचं. ते तेल हाताला लागलं की कातडं सोलून निघतं. बाबा फडकं काठीला बांधून तेल लावायचे आणि मला म्हणायचे, “झिला, लाकूड पिता तितक्याच त्याका दी.” मग होडी शाकारायची, आणि ती नारळी पौर्णिमेपर्यंत झावळांखाली झोपायची. माझं पहिलं शिक्षण ते. दुसरं शिक्षण आपल्या कार्यानुभवाच्या तासाला झालं. त्याकडे शेवटी येतो.

दहावीनंतर मामानं मुंबईला नेलं. माझगावच्या बाजूला बोटींची दुरुस्ती करणाऱ्यांकडे मी धुण्याच्या कामाला लागलो. बादली, ब्रश आणि पाइप. तिथं पहिल्यांदा फायबरची बोट जवळून पाहिली. आणि पहिल्याच दिवशी उस्तादांनी माझा तळहात धरून एका जुन्या बोटीच्या अंगावरून फिरवला. हात पांढरा झाला. अगदी फळा पुसल्यावर डस्टरमुळे होतो तसा. उस्ताद म्हणाले, “हे आपलं काम.”

तो पांढरा भुगा काय असतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

फायबरची बोट साच्यात बनते. आधी साचा चकचकीत घासून त्याला मेण लावतात. मग आत रंगीत रेझिनचा एक थर फवारतात. त्याला जेलकोट म्हणतात. त्याच्यावर काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन, पुन्हा चटई आणि पुन्हा रेझिन, असे थर देतात. सुकल्यावर बोट साच्यातून बाहेर काढली की जो थर पहिला होता तो सर्वांत बाहेर येतो. म्हणजे नव्या बोटीची जी चकाकी आपण पाहतो ती मुळात साच्याची चकाकी आहे. आणि तो जेलकोट केवढा? साधारण अर्धा मिलिमीटर. कुठे थोडा जास्त, कुठे थोडा कमी. तुमच्या मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो त्याच्या मानानं हा जवळजवळ दहापट जाड. म्हणून मोटारीचं काम शिकून आलेले पोरगे बोटीवर बेफिकीर होतात. ते कसं अंगाशी येतं तेही सांगणार आहे.

या जेलकोटाला ऊन खातं. रोजचं ऊन, वर खारं पाणी, पुन्हा ऊन. वरची कातडी हळूहळू मरते, सुटी होते, तिच्यात बारीक बारीक खड्डे पडतात. गुळगुळीत पृष्ठभागावरून उजेड एका दिशेनं परत येतो, म्हणून आपल्याला चकाकी दिसते. खड्डे पडले की तोच उजेड दहा दिशांना उधळतो आणि बोट मलूल, खडूसारखी दिसते. विज्ञानाच्या तासाला आरसा आणि कागद यांतला फरक शिकवला होता. तो मला तेव्हा कळला नाही. माझगावला कळला.

म्हणजे चकाकी आणायची तर काय करायचं? बहुतेकांना वाटतं, काहीतरी लावायचं. तेल, मेण, पॉलिश. लावून चमकतं, नाही असं नाही. आठ दिवस चमकतं. खरं काम लावायचं नसून काढायचं असतं. वरची मेलेली कातडी काढून खालचा जिवंत थर गुळगुळीत करायचा, आणि तो झाला की मग त्याच्यावर मेण लावून झाकायचा.

काढण्यासाठी दोन जातींची मशीन असतात. पहिली रोटरी. ती एकाच आसाभोवती भिंगरीसारखी गरगरते, आणि तुम्ही दाबलंत तरी थांबत नाही. मोटरची सगळी ताकद पॅडवर. काम झपाट्यानं होतं, पण तितकीच गरमी तयार होते. दुसरी ड्युअल अ‍ॅक्शन. आम्ही तिला डीए म्हणतो. तिचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी मध्यापासून थोडं बाजूला सरकून गिरक्याही घेतं. कुणाची गिरकी पंधरा मिलिमीटरची, कुणाची एकवीसची. ती एकाच जागी घासत राहत नाही, म्हणून कमी तापते, आणि जास्त दाबलंत तर पॅडचं स्वतःभोवती फिरणं थांबतं. नवीन पोराला मी पॅडच्या मागच्या थाळीवर मार्करनं एक रेघ मारून देतो. रेघ फिरताना दिसली पाहिजे. रेघ एका जागी थरथरत राहिली की समजायचं, तू दाबतोयस आणि काम होत नाहीये. रोटरी चुकीला माफ करत नाही. डीए पुष्कळशा चुका माफ करते. मग रोटरी वापरायचीच कशाला? कारण पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या बोटीची मेलेली कातडी नुसत्या डीएनं काढायची म्हटलं तर काम संपता संपत नाही. म्हणून पहिला हात रोटरीचा आणि दुसरा डीएचा, अशी आमची रीत.

मशीनला पॅड लागतात. लोकरीचं पॅड कापतं, फोमचं पॅड मऊ करतं. आणि पॅडला कंपाउंड लागतं, म्हणजे बारीक घर्षक पावडर मिसळलेलं क्रीम. हे आपल्या दळणासारखं आहे. आधी भरड, मग बारीक, मग वस्त्रगाळ. प्रत्येक पुढच्या पायरीचं काम एकच, आधीच्या पायरीनं पाडलेले ओरखडे पुसायचे. फारच वाईट बोट असेल तर त्याही आधी पाण्यात भिजवून पॉलिश पेपर मारावा लागतो, आठशे, मग हजार, मग पंधराशे, मग दोन हजार नंबर. मधला नंबर गाळला तर पुढचा कितीही घासला तरी आधीचा ओरखडा जात नाही. गणितात मी पायऱ्या गाळायचो आणि बाई शून्य द्यायच्या. इथे शून्य द्यायला बाई नसतात, ऊन असतं. सकाळच्या तिरक्या उन्हात गाळलेली प्रत्येक पायरी दिसते.

आता प्रत्यक्ष काम. बोट पाण्याबाहेर काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी केली की आधी गोड्या पाण्यानं भरपूर धुवायची. मिठाचा एक कण पॅडखाली राहिला तर तोच ओरखडे काढतो. मग जुनं मेण काढायचं. मग हात फिरवायचा. डोळ्यांना दिसत नाही ते तळहाताला कळतं. मग स्टीलच्या पट्ट्या, रबर, नाव लिहिलेली अक्षरं, खिडक्यांच्या कडा, सगळीकडे टेप लावायची. नवीन पोरांना हे टेप लावणं म्हणजे वेळ घालवणं वाटतं. मी म्हणतो, स्वयंपाकाआधीचं निवडणं-टिपणं आहे ते, खडा दाताखाली आल्यावर कळेल.

त्यानंतर दोन फूट बाय दोन फूट एवढाच चौकोन करून बघायचा. सर्वांत सौम्य उपाय आधी. मऊ पॅड, बारीक कंपाउंड. त्यानं झालं तर उत्तम, नाही झालं तर एक पायरी वर. डॉक्टरही आधी साधी गोळी देतो. ज्या चौकोनात जमलं, तीच कृती साऱ्या बोटीला.

पॅडवर कंपाउंडचे चार-पाच ठिपके टाकायचे. मशीन बंद असतानाच पॅड बोटीला टेकवून ते पसरायचे, आणि मग मशीन सुरू करायचं, नाहीतर कंपाउंड तुमच्या तोंडावर. आधी मंद वेग, मिनिटाला सहाशे-आठशे फेरे. मग बाराशे ते पंधराशे. अठराशेच्या वर मी कधीच जात नाही. आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढलेला. मग उभे पट्टे, तसेच. हात सावकाश न्यायचा, शेतात नांगर चालतो त्या गतीनं. मशीन जोरात फिरतं म्हणून माणसानं जोरात फिरायचं नसतं. मध्येच तळहात टेकवून बघायचं. कोमट ठीक. चटका बसला की थांबायचं, कारण जेलकोट तापला की नरम पडतो आणि जळतो. म्हणून आम्ही सावलीत काम करतो, किंवा पहाटे. दुबईत उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारची बंदीच असते, १५ जून ते १५ सप्टेंबर. ती माणसांसाठी आहे, पण बोटींचंही भलं होतं.

पॅड दर चौकोनाला साफ करायचं, कारण निघालेली मेलेली कातडी त्यातच अडकते. आणि घासून झालं की त्या जागेवर अल्कोहोलचा फडका मारायचा. हे सर्वांत महत्त्वाचं. कंपाउंडमध्ये तेल असतं. ते ओरखड्यांत भरून बसतं आणि खोटी चकाकी दाखवतं. अल्कोहोलनं तेल निघून जातं आणि तुमचं खरं काम उघडं पडतं. पुष्कळजण हा फडका मारत नाहीत. त्यांची बोट गिऱ्हाइकाला सोपवतानाच्या दिवशी छान दिसते, आणि महिन्याभरानं त्यांचा फोन लागत नाही. सगळं मनासारखं झालं की शेवटी मेण किंवा सीलंट, पातळ हातानं. चाळीस फुटी बोटीला आम्ही तिघे जण असलो तर चार-पाच दिवस लागतात. पाण्याच्या रेषेखाली शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून वेगळा विषारी रंग असतो. त्याला पॉलिश मारायचं नाही, आणि कोरडा घासून त्याची धूळ तर मुळीच उडवायची नाही. पाय घसरू नयेत म्हणून डेकवर खरखरीत नक्षी असते. तिलाही मशीन लावायचं नाही. ती चकचकीत केली की मालक पाण्यात.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, याला सगळं येतं. आता ते अंगाशी आलेलं सांगतो.

दुबईत मला तिसरं वर्ष होतं. हात बसला होता, आणि हात बसला की डोकं चढतं. गडद निळ्या रंगाची एक बोट होती. निळा आणि काळा हे आमच्या धंद्यातले परीक्षेचे रंग. पांढऱ्यावर जे खपतं ते निळ्यावर खपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्यात सोडायची होती आणि नाळेकडची एक बाजू राहिली होती. संध्याकाळची वेळ, रोटरी हातात, वेग दोन हजारांच्या वर. नाळेच्या कडेला साच्यातच जेलकोट पातळ बसलेला असतो, आणि कडेवर पॅडचा सगळा भार बोटभर जागेत येतो. कडेवर पॅड नेहमी कडेवरून बाहेर जाईल अशा दिशेनं फिरलं पाहिजे, कडेच्या आत घुसेल असं नाही. हे मला माहीत होतं. मी दुसऱ्यांना शिकवतही होतो. पण दोन सेकंद. मशीन उचललं तर निळ्यामध्ये सुपारीएवढा फिकट डाग होता, आणि त्यात काचेच्या धाग्यांची चटई दिसत होती. अर्धा मिलिमीटर संपला होता.

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी त्याच्यावर मेण चोळलं. उजेड कमी होता, डाग जवळजवळ दिसेनासा झाला. मी घरी गेलो. घरी म्हणजे एका खोलीत आठ जण. रात्रभर झोप नाही. गंमत म्हणजे मला देव आठवला नाही, बाबा आठवले नाहीत. आपले कार्यानुभवाचे सर आठवले.

सर आज इथे आहेत, म्हणून सांगतो. सर, नववीत तुम्ही आम्हाला जुने बाक घासायला लावले होते. माझ्या बाकावर कर्कटकानं कोरलेलं एक नाव होतं. कुणाचं ते आज सांगणार नाही, ती बाई दोन मुलांची आई होऊन समोर बसली आहे. मी ते घासून काढायचा कंटाळा केला आणि त्यात मेण भरून वर वॉर्निश मारलं. तुम्ही आलात, बाकाकडे पाहिलंत, काही बोलला नाहीत. फक्त नखानं ते मेण खरवडून काढलंत आणि पॉलिश पेपर माझ्या हातात दिलात. मला दोन छड्या बसल्या असत्या तर मी विसरून गेलो असतो.

सकाळी सहाला मी त्या बोटीच्या कप्तानाकडे गेलो आणि डाग दाखवला. पुढचं थोडक्यात सांगतो. बोट त्या दिवशी पाण्यात गेली नाही. डागात नवा जेलकोट भरून, सुकवून, पुन्हा आठशेपासून दोन हजारपर्यंत घासून रंग जुळवायला पाच दिवस गेले. नवा निळा आणि उन्हात पिकलेला निळा एकमेकांना सहजी जुळत नाहीत. माझा दोन महिन्यांचा पगार कापला गेला. त्या महिन्यांत घरी पैसे गेले नाहीत, आणि ‘इथे बँकेची भानगड आहे’ असं मी बाबांना फोनवर सांगितलं. म्हणजे एक खोटं टाळलं आणि दुसरं बोललो. पण पुढच्या हंगामात त्याच कप्तानानं आमच्या मुकादमाला सांगितलं, माझ्या बोटीला तोच माणूस हवा. मी कारण विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्यांनी काय झाकलंय ते मला कळत नाही, तू झाकत नाहीस हे मला कळलंय.

त्या दिवसापासून मी एक हिशेब डोक्यात ठेवतो. बोटीला जन्मतः अर्धा मिलिमीटर मिळालेला असतो. प्रत्येक वेळी चकाकी आणताना आपण त्यातलाच थोडा खर्च करतो. तो परत भरला जात नाही. म्हणून जेवढ्यात काम होतं तेवढंच काढायचं. मालक म्हणतो, अजून घासा, अजून चमकवा. मी सांगतो, साहेब, पुढची दहा वर्षंही चमकायचंय. वर्षातून एकदा हलका हात, आणि बाकी वेळ गोड्या पाण्यानं धुणं, मेण आणि ताडपत्री. बाबा म्हणायचे तेच, लाकूड पितं तितकंच द्यायचं. इथे फक्त उलटं, लागेल तितकंच काढायचं.

आता जे सांगायला मी खरं तर उभा राहिलो ते.

आपल्यातल्या एका मित्राचा मुलगा तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. मित्र इथेच बसला आहे. त्याला विचारून, त्याची परवानगी घेऊन बोलतोय. पोरगा बारावीला नापास, घरात बसलेला. मित्र मला म्हणाला, “तुझ्या कंपनीत लाव.” मी म्हटलं, कंपनी वगैरे नाही रे, मी, चार पोरं आणि एक टेम्पो. तो म्हणाला, “चालात. पण गावात काय सांगू नको हां. मी मरीन कंपनीत म्हणून सांगतलंय.” मी हसलो आणि हो म्हटलं. मला हसायचा अधिकारच नव्हता. मी स्वतः तेच सांगत होतो.

पोरगा हुशार निघाला. हात माझ्यापेक्षा हलका. पण गेल्या उन्हाळ्यात मांडव्याला काम चालू असताना त्याला शॉक बसला. मशीनची वायर एका ठिकाणी सोललेली होती आणि खाली ओलं होतं. आमच्या बोर्डाला गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर होता, तो पडला, म्हणून पोरगा आज आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काम काय करतोस? तो म्हणाला, “ऑफिसात आहे.” डॉक्टर म्हणाले, “मग मशीन कसलं?” पोरगा गप्प. बाजूला मीही गप्प. डॉक्टरांना खरं सांगायलाही त्या पोराला लाज वाटत होती, आणि ती लाज त्याला आम्ही दोघा बापांनी शिकवली होती. एक सख्खा, एक धंद्यातला.

त्या रात्री मी माझ्या मित्राला फोन केला. आम्ही बराच वेळ बोललो, थोडं भांडलोही. तो मला म्हणाला, “आधी तू सांग सगळ्यांका, मग मी सांगतंय.” म्हणून मी आज हे सांगितलं. आता पाळी त्याची.

धंद्याचं आणखी एक सांगायला हवं, कारण कुणाचं पोर या कामात आलं तर आईवडिलांना माहीत पाहिजे. वायर नेहमी खांद्यावरून मागे घ्यायची, पॅडच्या वाटेत येऊ द्यायची नाही. तो ब्रेकर असल्याशिवाय मशीन लावायचं नाही, मग मालक कितीही घाई करो. सैल शर्ट, गळ्यात साखळी, मोकळे केस चालत नाहीत. तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे. आणि हात. माझ्या उजव्या हाताची ही दोन बोटं रात्री मुंग्या येऊन बधिर होतात. काल बुफेत माझ्या हातून चमचा दोनदा पडला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, “वय झालं रे!” वय नाही, ती सव्वीस वर्षांची थरथर आहे. डॉक्टर म्हणतात, आता पूर्वीसारखं होणार नाही, वाढू देऊ नका. म्हणून माझ्या पोरांना मी वीस-पंचवीस मिनिटांच्या वर सलग मशीन धरू देत नाही. एकानं मशीन चालवायचं, दुसऱ्यानं पुसायचं, मग अदलाबदल. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मशीन घट्ट आवळून धरायचं नसतं, हेसुद्धा मला फार उशिरा कळलं.

आपल्यातल्या ज्यांच्या फायबरच्या होड्या आहेत त्यांना दोन शब्द. तुमची होडी धंद्याची आहे, तिला आरसा करायची गरज नाही. पण मासळी उतरवली की गोड्या पाण्याची एक बादली तिच्या अंगावर जाऊ द्या. जूनमध्ये बंदी लागून होड्या वर आल्या की शाकारण्याआधी धुवून, सुकवून मेणाचा एक हात द्या. पिवळे डाग काढायला संडास धुण्याचं अ‍ॅसिड आणि भांड्यांची तारेची घासणी, हे दोन्ही बंद करा. डाग जातो, पण त्याबरोबर कातडीही जाते. आणि ज्यांच्या मोटारी बाहेर लावल्या आहेत त्यांना एवढंच सांगतो, घरी करायचं तर डीए आणा, रोटरीला हात लावू नका. तुमच्याकडे खर्च करायला अर्धा मिलिमीटरही नाही.

मी आणखी दोन दिवस गावात आहे. मुख्याध्यापकांशी बोललो आहे. उद्या सकाळी आठला कार्यानुभवाच्या खोलीत जुने बाक बाहेर काढायचे आहेत. नववीची मुलं-मुली येणार आहेत. मशीन, पॅड, पेपर मी आणले आहेत, बोर्डाला ब्रेकर लावून घेतला आहे. माझ्या मित्राचा मुलगा त्यांना शिकवणार आहे. सर, तुम्हाला जमलं तर खुर्ची टाकून ठेवतो. तुम्ही फक्त नखानं तपासायचं.

आणि निवेदकाला विनंती, पुढच्या मेळाव्यात माझी ओळख करून देताना ‘बोटी घासतो’ एवढंच म्हण. ते खरं आहे, आणि आता म्हणायला जडही जात नाही.